गुलाबी चूळ : हिरड्या, दाह आणि हृदय

१९९१ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात, गिर्यारोहणाला गेलेल्या एका जोडप्याला अर्धवट वर आलेला एक मृतदेह दिसला. अलीकडेच अपघातात सापडलेला कुणी असावा, असे आधी सगळ्यांना वाटले. तपासणीअंती कळले की हा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा आहे. ओट्झी या नावाने तो पुढे जगभर ओळखला जाऊ लागला. मेला तेव्हा तो पंचेचाळिशीच्या आसपास होता आणि खांद्यात घुसलेल्या बाणाने त्याचा जीव घेतला होता. शास्त्रज्ञांनी सीटी स्कॅनने त्याचे शरीर पाहिले तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियमचे थर आढळले. २०१२ मध्ये त्याची जनुके वाचली गेली, तर त्यांत हृदयरोगाकडे कल असल्याच्या खुणा होत्या. आणि २०१३ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी त्याचा जबडा बारकाईने तपासला, तेव्हा दाढांभोवतीचे हाड झिजून खाली गेलेले दिसले. म्हणजे हिरड्यांचा जुनाट, चांगलाच बळावलेला आजार.

ना तंबाखू, ना कारखान्यातली साखर, ना दिवसभर खुर्चीवरची नोकरी. तरी एकाच देहात ही दोन्ही दुखणी एकत्र नांदत होती. एकाने दुसऱ्याला आणले का? दोघांचे मूळ तिसरीकडेच होते का? की हा निव्वळ योगायोग? एका मृतदेहावरून याचा निवाडा होत नाही. पण ओट्झीच्या बाबतीत जो प्रश्न पडतो, तोच प्रश्न गेली सव्वाशे वर्षे दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ वेगवेगळ्या शब्दांत विचारत आले आहेत. हिरड्यांमध्ये वर्षानुवर्षे धुमसणारा दाह हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचत असेल तर किती? प्रस्तुत पुस्तक या प्रश्नाभोवती उभे आहे.

बहुतेक घरांत या आजाराची पहिली खूण बेसिनमध्ये दिसते. सकाळी ब्रश करून चूळ टाकली की पाणी गुलाबी होते. नळ सोडला की ते वाहून जाते आणि विषय तिथेच संपतो. हाताच्या बोटातून रोज असे रक्त येऊ लागले तर तोच माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठेल. हिरड्यांच्या रक्ताला मात्र ‘ब्रश जरा जोरात लागला’ किंवा ‘अंगात उष्णता वाढलीय’ एवढे कारण पुरते.

दंतवैद्याच्या खुर्चीत या गुलाबी पाण्याचा माग लागतो. डॉक्टर बोथट टोकाची एक बारीक सळई घेतात. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद सोडली जाते. निरोगी हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटरवर थांबते. आजारी हिरडीत ती आत आत जात राहते. डॉक्टर आकडे उच्चारत जातात, ‘तीन, पाच, सहा, चार’, आणि सहायक ते कागदावर उतरवून घेते. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हे मोजमाप होते. सळई बाहेर आली की क्षणभराने त्या जागी रक्ताचा थेंब जमतो. रुग्णाला फारसे दुखतही नाही. किडलेली दाढ रात्रभर जागवते, म्हणून तिच्यासाठी माणूस धावत येतो. हिरडी मात्र गप्प राहून हाड गमावते.

त्या फटीत काय चालले असते? दातांवर रोज जिवाणूंचा चिकट थर चढतो. तो निघाला नाही तर लाळेतले क्षार त्याच्यावर बसतात आणि त्याचे टणक कीटण होते. हिरडीच्या काठाखाली जिवाणूंची वस्ती वाढली की शरीर तिच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवते. लढाई संपली तर ठीक. पण जिवाणू तिथेच ठाण मांडून बसतात आणि लढाई वर्षानुवर्षे चालू राहते. तिच्यात नुकसान होते ते दाताला धरून ठेवणाऱ्या तंतूंचे आणि हाडाचे. याच लांबलेल्या लढाईला वैद्यक ‘जुनाट दाह’ म्हणते. हिरडी नुसती सुजलेली असते तोवर आजार पूर्ण बरा होतो. हाड झिजू लागले की त्याला पेरिओडोंटायटिस म्हणतात. मराठी घरांत त्याचे नाव ‘पायोरिया’. या आजारात फटीच्या आतले अस्तर ठिकठिकाणी सोललेले असते. तोंडभरच्या अशा फटी उलगडून एकत्र मांडल्या तर त्यांचे क्षेत्रफळ साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते, असा अंदाज २००१ मध्ये मांडला गेला. पायावर एवढी जखम वर्षभर वाहत असती तर अख्खे घर चिंतेत पडले असते.

तोंडातून रक्तात जिवाणू जाणे ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. २००८ मध्ये अमेरिकेत २९० जणांवर झालेल्या एका अभ्यासात नुसत्या ब्रश करण्यानंतर २३ टक्के लोकांच्या रक्तात जिवाणू सापडले. प्रतिजैविक न देता दात काढलेल्यांमध्ये हे प्रमाण ६० टक्के होते. निरोगी शरीर ते थोड्याच वेळात निपटून टाकते. प्रश्न आहे तो हे रोज, दिवसातून अनेकदा, वीस-तीस वर्षे घडत राहिले तर काय होते, याचा.

या विषयाचा इतिहास मोठा बोधक आहे, कारण त्यात उत्साहाने केलेले नुकसान आणि निष्काळजीपणाने केलेले नुकसान, दोन्ही भरपूर आहेत. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग वेगळे नोंदवले आहेत. त्यांतल्या ‘शीताद’ या रोगात हिरड्यांतून विनाकारण रक्त येते, त्या मऊ पडतात आणि झडू लागतात, असे वर्णन आहे. १६८३ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहुकने दातांवरचा पांढरा थर आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. मात्र या जिवांचा रोगाशी संबंध जोडायला दोनशे वर्षे जावी लागली. विलोबी मिलर हा अमेरिकी दंतवैद्य बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या सहवासात जंतुशास्त्र शिकला. १८९० मध्ये त्याने तोंडातल्या जिवाणूंवर ग्रंथ लिहिला आणि पुढच्याच वर्षी असे मांडले की तोंड हे सगळ्या शरीरातल्या संसर्गाचे उगमस्थान असू शकते.

ही कल्पना विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने उचलली. १९१० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान देताना त्याने सडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांवर सडकून टीका केली. तोंडातली घाणच रक्तक्षयापासून मज्जारोगांपर्यंत अनेक आजारांना जबाबदार आहे, असा त्याचा दावा होता. अमेरिकेत फ्रँक बिलिंग्ज यांनी याच विचाराला ‘केंद्रस्थ संसर्ग’ असे रूप दिले. मग एक लाटच आली. सांधे दुखतात, काढा दात. मन ठिकाणावर नाही, काढा दात. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने हजारो दात उपटले. तेवढ्याने गुण आला नाही तर टॉन्सिल आणि मोठे आतडेही काढले. शस्त्रक्रियांमध्ये अनेक रुग्ण दगावले.

ही लाट ओसरली ती मोजमापामुळे. १९३८ मध्ये रसेल सेसिल आणि मरे अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा हिशेब मांडला आणि दात-टॉन्सिल काढून काही फायदा दिसत नसल्याचे सांगितले. सेसिल स्वतः आधी या विचाराचे समर्थक होते. आपलेच मत पुराव्यापुढे मागे घेण्याचा हा प्रामाणिकपणा या क्षेत्राच्या इतिहासात आवर्जून आठवावा असा आहे. पण त्यानंतर लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. पुढची पन्नास वर्षे तोंड आणि शरीर यांचा काही संबंध आहे असे म्हणणेच अशास्त्रीय ठरले.

त्याला संस्थांचीही साथ होती. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला स्वतंत्र दंतमहाविद्यालय निघाले तेव्हापासून दंतवैद्यक आणि वैद्यक यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात पहिले दंतमहाविद्यालय सुरू केले आणि १९४८ मध्ये दंतवैद्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. वेगळे शिक्षण, वेगळी परिषद, वेगळा दवाखाना. यातून दंतवैद्यक बहरले, यात शंका नाही. मात्र गळ्याच्या वर एक डॉक्टर आणि गळ्याच्या खाली दुसरा, आणि दोघांची गाठ पडायची ती फार तर रुग्णाने आणलेल्या चिठ्ठीतून, अशी रीत पडली.

या मधल्या काळात दोन्ही शास्त्रे आपापल्या जागी पुढे जात होती. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिशय साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांच्या सुजेचे कारण जिवाणूंचा थर आहे, हे इतक्या स्वच्छपणे आधी कधी दिसले नव्हते. लो पुढे श्रीलंकेच्या चहामळ्यांत गेले. तिथल्या ४८० मजुरांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतवैद्यही ठाऊक नव्हता. पंधरा वर्षे त्यांच्या हिरड्यांची नोंद ठेवली गेली. सगळ्यांचीच तोंडे अस्वच्छ होती, पण फळ सगळ्यांना सारखे मिळाले नाही. ८ टक्के लोकांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांचा आजार सावकाश वाढला आणि ११ टक्के लोकांत तो सुजेच्या पुढे गेलाच नाही. घाण तीच, तरी शरीराचे उत्तर निरनिराळे. नुकसान जिवाणूंपेक्षा शरीराच्या प्रतिसादाने जास्त होते, या आजच्या समजुतीचा पाया इथे आहे.

हृदयाच्या बाजूला एकोणिसाव्या शतकातच रुडॉल्फ फिर्को यांनी रक्तवाहिन्या कठीण होण्यात दाहाचा हात असल्याचे म्हटले होते. पण विसाव्या शतकात चित्र नळाचे होते. कोलेस्टेरॉल साचते, नळ अरुंद होतो, एक दिवस तुंबतो. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी हे चित्र बदलणारा लेख लिहिला आणि धमनीकाठिण्य हा दाहाचाच आजार आहे, असे ठामपणे मांडले. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली चरबी शिरते, तिला गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून फुगतात, मरतात आणि त्या जागी एक गळू तयार होते. त्याच्यावरचे पातळ आवरण फाटले की रक्त गोठते आणि झटका येतो. हिरडीच्या फटीत आणि धमनीच्या भिंतीत काम करणाऱ्या पेशी आणि त्यांचे निरोप पोहोचवणारी रसायने बऱ्याच अंशी तीच आहेत.

१९९७ मध्ये पॉल रिडकर यांनी दाखवले की वरवर निरोगी पुरुषांपैकी ज्यांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, सर्वांत जास्त होते, त्यांना झटक्याचा धोका सर्वांत कमी असलेल्यांच्या जवळपास तिप्पट होता. सीआरपी हा यकृतात बनणारा पदार्थ शरीरात कुठेही दाह असला की वाढतो. २०१७ मध्ये ‘कँटॉस’ या चाचणीने पुढचे पाऊल टाकले. आधी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांच्या या चाचणीत दाहाची एक विशिष्ट साखळी तोडणारे इंजेक्शन तपासले गेले. कोलेस्टेरॉल तसूभरही न हलता, मधल्या मात्रेच्या गटात नवे झटके आणि संबंधित घटना १५ टक्क्यांनी घटल्या. दाह कमी केला तर हृदय वाचू शकते, याचा हा थेट पुरावा होता. त्याच औषधाने जीवघेणे संसर्ग थोडे वाढले, म्हणजे दाहाला नुसता शत्रू समजणेही धोक्याचे, हेही कळले.

हिरड्या आणि हृदय यांच्या या दोन वाटा त्याआधीच, १९८९ मध्ये, हेलसिंकीत पुन्हा एकत्र आल्या होत्या. किम्मो मॅटिला आणि सहकाऱ्यांनी नुकताच झटका आलेल्या १०० रुग्णांची तोंडे १०२ इतर लोकांच्या तोंडांशी ताडून पाहिली. रुग्णांच्या तोंडाचे आरोग्य स्पष्टपणे वाईट होते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ९,७६० लोकांच्या पाठपुराव्यात हिरड्यांचा आजार असलेल्यांना हृदयरोगाचा धोका २५ टक्के जास्त आढळला, आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत तो त्याहून बराच अधिक होता. २०१० मध्ये स्कॉटलंडच्या ११,८६९ लोकांच्या अभ्यासाने सांगितले की दिवसातून एकदाही धड दात न घासणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना जास्त घडतात. २०१६ मध्ये स्वीडनमध्ये पहिला झटका आलेले ८०५ रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक समोरासमोर ठेवले गेले. हिरड्यांचा आजार रुग्णांत ४३ टक्के, इतरांत ३३ टक्के. धूम्रपान, मधुमेह, शिक्षण यांचा हिशेब वजा केल्यावरही धोका सुमारे २८ टक्के जास्त उरला.

मात्र याच काळात दुसरा सूरही तितकाच स्पष्ट होता. २००० मध्ये फिलिप हुजोएल यांनी जवळपास त्याच अमेरिकी माहितीसाठ्यातल्या ८,०३२ लोकांचा हिशेब आणखी बारकाईने केला आणि कार्यकारणाचा खात्रीलायक पुरावा मिळत नसल्याचा निष्कर्ष काढला. पुढे त्यांनीच एक मार्मिक तुलना केली. हिरड्यांचा आजार हृदयरोग आणत असेल, तर सगळे दात गेलेल्या, म्हणजे संसर्गाचे घरच उरले नसलेल्या माणसांना धोका कमी असायला हवा. तो कमी आढळला नाही.

या वादातून आज तीन विचारधारा समोर दिसतात आणि नवख्या वाचकाने त्या वेगळ्या ओळखल्या तर पुढचे सगळे वाचन सोपे जाते.

पहिली धारा म्हणते, जिवाणू स्वतः प्रवास करतात. २००० मध्ये मानेतल्या धमन्यांतून काढलेल्या ५० गाठींपैकी ४४ टक्क्यांत हिरड्यांच्या निदान एका जिवाणूचा डीएनए सापडला. २००५ मध्ये तर अशा गाठीत हे जिवाणू जिवंत असल्याचे दाखवले गेले. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हे त्यांतले सर्वांत अभ्यासलेले नाव. पण गाठीत सापडला म्हणून गाठ त्यानेच केली, असे होत नाही. आग लागलेल्या घरात शेजारीही सापडतो.

दुसरी धारा म्हणते, जिवाणू जावोत न जावोत, दाहाची रसायने जातात. हिरडीत तयार झालेले निरोप यकृतापर्यंत पोहोचतात, सीआरपी वाढतो, रक्तवाहिन्यांचे अस्तर चिडते. या बाजूचा सर्वांत देखणा पुरावा २००७ चा लंडनमधला आहे. हिरड्यांचा तीव्र आजार असलेल्या १२० रुग्णांपैकी अर्ध्यांवर जोरदार उपचार केले गेले आणि हाताची धमनी किती सैल पडते ते मोजले. पहिल्या चोवीस तासांत ती आणखी आखडली, कारण कीटण काढताना दाह तात्पुरता भडकतो. सहा महिन्यांनी मात्र ती साधे उपचार मिळालेल्यांपेक्षा सरस काम करत होती.

तिसरी धारा सावध आहे. तिच्या मते दोन्ही आजारांची मुळे एकाच मातीत आहेत. तंबाखू, मधुमेह, गरिबी, वाढते वय, आणि काही प्रमाणात जनुकेही. २००९ मध्ये नवव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा हृदयरोग आणि तरुण वयातला आक्रमक हिरडीरोग या दोन्हींशी जोडलेला आढळला. ओट्झीच्या जनुकांतली हृदयरोगाची खूण इथे पुन्हा आठवते.

मग प्रत्यक्ष चाचणी करून सोक्षमोक्ष का लावत नाहीत? हिरड्यांवर उपचार केले तर झटके कमी येतात का, हे ठरवायला हजारो रुग्णांना वर्षानुवर्षे दोन गटांत ठेवावे लागेल आणि एका गटाला ज्ञात आजार असूनही उपचारापासून दूर ठेवावे लागेल. ते नैतिक नाही. अमेरिकेतल्या ३०३ रुग्णांच्या एका प्राथमिक चाचणीत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातले अनेक जण बाहेर जाऊन दात साफ करून आले आणि तुलनाच विरली. शिवाय आधीचा एक धडाही आहे. क्लॅमिडिया न्यूमोनिए हा जिवाणू धमन्यांत सापडतो म्हणून ४,०१२ हृदयरुग्णांच्या एका चाचणीत एका गटाला वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले गेले. २००५ मध्ये निकाल आला. फायदा शून्य. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये म्हटले की संबंध आहे आणि तो इतर ज्ञात कारणांपलीकडे टिकतो, पण हिरड्यांचा आजार हृदयरोग घडवतो किंवा त्यावरच्या उपचाराने तो टळतो, हे सिद्ध झालेले नाही. पुढे युरोपातली हिरडीरोगतज्ज्ञांची संघटना आणि जागतिक हृदय महासंघ २०१९ मध्ये माद्रिदला एकत्र बसले आणि दोन्ही प्रकारच्या डॉक्टरांनी एकमेकांकडे रुग्ण पाठवावेत, यावर त्यांचे एकमत झाले.

एक गल्लत इथेच दूर करायला हवी. हृदयाच्या झडपांना होणारा जंतुसंसर्ग, ज्याला एंडोकार्डायटिस म्हणतात, हा वेगळा आजार आहे आणि त्यात तोंडातल्या जिवाणूंचा हात सिद्ध आहे. कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा आधी हा संसर्ग होऊन गेलेल्या माणसाने दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगणे अत्यंत गरजेचे आहे. तसेच स्टेंट बसवलेल्या रुग्णाने दात काढायचा म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हिरड्यांच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी घातक ठरू शकते.

हे सगळे मराठी वाचकापुढे आत्ताच का ठेवायचे? कारण या दोन आजारांची गाठ आपल्याकडे फार घट्ट बसली आहे. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतरांना सुमारे ५९ व्या वर्षी आल्याचे दिसले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर वाढवतात. ही साखळी दोन्ही बाजूंनी चालते, आणि इथे पुरावा भक्कम आहे. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली साखर दाखवणारे माप, सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरते, असे २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्षीच्या अहवालाने हिरड्यांच्या तीव्र आजाराच्या रुग्णांची जगभरची संख्या १०० कोटींच्या घरात नेली.

आणि मग तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक ती ओढत नव्हते, तोंडात धरत होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण चुलीवरच्या तव्याला बंदी पोहोचत नाही. पहाटे तव्यावर तंबाखूची पाने काळीभोर होईपर्यंत भाजायची, हातावर चुरायची, डबीत भरायची. तर्जनीने ती मिश्री दातांवर आणि हिरड्यांवर घासत ओट्यावर बसायचे, पोट साफ झाले की दिवस सुरू. अनेक जणींसाठी दिवसभराच्या राबण्यातली ही एकमेव निवांत पंधरा मिनिटे असतात. म्हणून ‘मिश्री सोडा’ म्हणणाऱ्याने आधी ती का लावली जाते, हे समजून घ्यायला हवे. दात स्वच्छ होतात या समजुतीने लावलेली हीच वस्तू हिरडीला इजा करते आणि निकोटिन रक्तात सोडते. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत आणखी एक फसवणूक होते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार झाकला जातो आणि उघडकीला येतो तो थेट दात हलू लागल्यावर.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत पुस्तकाने अंगावर घेतलेले काम नाजूक आहे. एका बाजूला ‘दात साफ करा, झटका टाळा’ अशी जाहिरात आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘हिरड्यांचं काय एवढं’ ही घराघरांतली बेफिकिरी आहे. पुस्तक या दोन्हींशी भांडते. कुठला पुरावा प्रयोगशाळेतला, कुठला माणसांच्या पाठपुराव्यातला आणि कुठला प्रत्यक्ष उपचारांच्या चाचणीतला, हे ते वाचकाला वेगळे करून दाखवते. आकडा दिसला की तो कुणात, किती काळ आणि कशाच्या तुलनेत, असे विचारण्याची सवय ते लावते. दवाखान्यात रोज ऐकू येणाऱ्या शंकांनाही ते सरळ सामोरे जाते. ‘साफ केले की दात हलायला लागतात’ ही त्यांतली सर्वांत पक्की समजूत. कीटणाने आधार दिल्यासारखे भासत असते. ते निघाले आणि सूज उतरली की आधीच झिजलेल्या हाडाची पोकळी जिभेला जाणवते. दात सफाईने सैल झालेला नसतो, आजाराने तो आधीच सैल केलेला असतो.

पुस्तक दोन वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. एक, तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करणारा डॉक्टर किंवा दंतवैद्य, ज्याला परदेशी नियतकालिके चाळायला वेळ नाही. दुसरा, घरात कुणाला स्टेंट बसलेला आहे म्हणून हा विषय हाती घेणारा साधा वाचक. पहिल्याला यातले काही भाग सोपे वाटतील, दुसऱ्याला काही कठीण. दुसऱ्याने कठीण भाग बेलाशक ओलांडून पुढे जावे आणि गरज पडेल तेव्हा परत यावे. ज्याला हृदयाचा धोका कमी होण्याची हमीच हवी आहे, त्याला ती इथे मिळणार नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांची जागा टूथब्रश घेत नाही, हे पुस्तक स्पष्ट सांगते. पण नीट चावता येणे, तोंडाला वास नसणे, साठीत कवळी न लागणे, साखर थोडी आटोक्यात येणे, एवढ्यासाठीसुद्धा हिरड्यांवरचा उपचार करण्याजोगा आहे. हृदयाचा लाभ झाला तर तो वरचा.

दंतवैद्याच्या केसपेपरवर आता रक्तदाब, मधुमेह, झडप, स्टेंट, चालू गोळ्या यांचे रकाने बहुधा असतात. हृदयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या कागदावर छातीतले दुखणे, धाप, झोप, व्यसन, घराण्यातला इतिहास अशी बारीक विचारपूस असते. तोंडासाठी मात्र तिथे सहसा एकही ओळ नसते. ‘ब्रश करताना रक्त येते का? दात हलतात का?’ एवढे दोन प्रश्न त्या कागदावर आले, आणि ‘हो’ म्हणणाऱ्या रुग्णाला दंतवैद्याच्या नावाची एक चिठ्ठी मिळू लागली, तर हे पुस्तक लिहिणाऱ्यांना आपले श्रम कारणी लागल्यासारखे वाटेल.